दोन चिंचोके

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातलं गाव. जानेवारीचा शेवट, कापसाची उलंगवाडी, म्हणजे हंगामाचा शेवट, जवळ आलेली. उत्पन्नातली तफावत, शाळा आणि गावातल्या सोयी यांबद्दल लोकांना काय वाटतं, हे घरोघर विचारायचं काम होतं. नऊ वर्षं मी सर्वेक्षण करते, पण त्या दिवसाचं एक घर अजून मनातून जात नाही.

टॅब बाहेर काढला की आपण सरकारी माणूस ठरतो. मग उपकेंद्र असो, अंगणवाडी असो की नळ, सगळ्याला उत्तर एकच, ‘समाधानी’. तक्रार केली तर रेशन कार्डातून नाव कटेल ही भीती असते, आणि तिला मी लोकांचा दोष मानत नाही. बाईला विचारलं तर उत्तर नवरा देतो. तेव्हा मी म्हणते, “भाऊ, सातबारा नाहीतर जॉब कार्ड दाखवता का?” तो आत पेटी उघडायला जातो. तेवढ्या पाच मिनिटांत बाई जे बोलते, ते खरं.

शिडीचा प्रश्न मला सगळ्यात जवळचा. पुठ्ठ्यावर दहा पायऱ्यांची शिडी काढलेली असते. सगळ्यात वर गावातलं सुखवस्तू घर, सगळ्यात खाली गरिबाचं. हातात एक चिंचोका द्यायचा, “तुमचं घर कुठं?” एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. बोट दाखवायचं नाही, मान हलवायची नाही. ती शांतता सोसायला शिकण्यात माझी दोन वर्षं गेली. नवी पोरं दहा सेकंदांत “मधे ठेवू का?” म्हणतात आणि सगळा गाव मधल्या पायरीवर येऊन बसतो.

सकाळी एक कास्तकार भेटले. 22 एकर वावर, निम्मं ओलिताचं, दारात ट्रॅक्टर. त्यांनी चिंचोका खालून चौथीवर ठेवला. ते खोटं बोलत नव्हते. कापसाच्या भावानं ते वैतागलेले होते आणि त्यांची शिडी नागपुरातल्या नोकरदार भावाला टेकलेली होती. मी 4 भरले.

दुपारी गावाच्या टोकाला एक मजूर बाई भेटली, वेचणीवरून नुकतीच आलेली. बोंडांच्या टोकांनी बोटं चिरलेली, नखांच्या कडेला रक्त सुकलेलं. तिनं चिंचोका घेतला आणि दुसरा हात पुढे केला.

“एक कसा पुरन, ताई? दोन द्या.”

एक सहावीवर ठेवला. “हा पोराचा.” दुसरा दुसरीवर. “अन् हा पोरीचा. घर एक हाये, पण दोघं एका जागी नाही.”

पोरगा तालुक्याच्या कॉन्व्हेंटात. फी आणि पिवळ्या बसचे मिळून वर्षाला 22 हजार. वेचणी 10 रुपये किलो. “बावीस क्विंटल कापूस वेचला का त्याचं एक वर्स निंगते,” ती म्हणाली. पोरगी सहावीत. गावातली जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतच, पुढची पाच किलोमीटरवर. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, आणि नियमाप्रमाणे सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत हवी. मुलींना एसटीचा पास फुकट आहे, पोरीच्या दप्तरात तो होताही. पण बस गावात येत नाही, फाट्यावरून जाते. दोघांना पिवळ्या बसमध्ये बसवणं तिला झेपणारं नव्हतं, म्हणून तिनं एकाला निवडलं. हे तिनं मला डोळ्याला डोळा देऊन सांगितलं.

टॅब एकच आकडा घेतो. नियमाप्रमाणे मी म्हटलं, “दोघांचं मिळून एक सांगा.”

“कसं सांगू? तुमीच लिवा.”

अशा वेळी 98 टाकायचं असतं, म्हणजे ‘सांगता येत नाही’. पण दिवसात दोनापेक्षा जास्त 98 आले की सुपरवायझर फॉर्म परत पाठवतात, आणि माझे दोन होऊन गेले होते. मी मधला आकडा काढला. 4.

रात्री फॉर्म पाठवताना लक्षात आलं. 22 एकरवाले कास्तकार आणि ही बाई, दोघं आता एकाच पायरीवर आहेत. शेऱ्याच्या रकान्यात मी सगळं लिहिलं. दुसऱ्या दिवशी फोन आला, “शेरे इतके मोठे लिहू नका, ऑफिसात कोणी वाचत नाही.”

पाठवलेला फॉर्म परत उघडत नाही. जूनमध्ये ती पोरगी सातवीत जाईल.