आहेराचे पाकीट आणि अठरा

भाचीच्या लग्नासाठी मागच्या आठवड्यात सीताबर्डीच्या बाजारातून आहेराची पाकिटे आणली, तेव्हा त्यांच्यावर चिकटवलेले रुपयाचे नाणे पाहून नेहमीप्रमाणे ज्यूंचा अठरा आठवला. आमची आई म्हणत असे की, पाचशेवर एक ठेवला नाही तर आकडा पुरा होऊन थांबतो आणि शुभकार्यात थांबणे नको. ज्यू कुटुंबांत मंगलप्रसंगी द्यायची रक्कम अनेकदा अठराच्या पटीत असते, आणि त्याचे कारण त्यांच्या लिपीत आहे.

हिब्रूच्या 22 अक्षरांपैकी प्रत्येकाला ठरलेले मूल्य आहे: पहिल्या दहांना 1 ते 10, पुढच्या आठांना 20 ते 90 आणि शेवटच्या चारांना 100 ते 400. 'खाय' म्हणजे जिवंत. त्यातील खेतचे 8 आणि योदचे 10 मिळून 18 होतात. म्हणून अठरा देणे म्हणजे आयुष्य चिंतणे. भाचीच्या पाकिटात मी 1801 रुपये घातले. अठराशे त्यांच्या रीतीचे, वरचा एक आईचा.

अक्षरांच्या बेरजेतून अर्थ शोधण्याच्या या पद्धतीला गेमात्रिया म्हणतात. आपल्या जुन्या ग्रंथांतही वेद म्हणजे चार, बाण म्हणजे पाच असा भूतसंख्यांचा संकेत आहे. मात्र तिथे वस्तू किती आहेत यावरून शब्द संख्येसाठी उभा राहतो, तर हिब्रूत संख्या शब्दाच्या अक्षरांतच असते. 'एखाद' (एक) याची बेरीज 1+8+4, म्हणजे 13. 'अहावा' (प्रेम) याची 1+5+2+5, म्हणजे तीही 13. आणि या दोहोंचे मिळून 26, जी ईश्वराच्या चार अक्षरी नामाची संख्या आहे. हे प्रथम कळले तेव्हा मी कितीतरी वेळ कागदावर पुन्हा पुन्हा बेरीज करत बसलो होतो.

त्या नामाबद्दलचा आदर इतका खोल आहे की पंधरा हा आकडा 10 आणि 5 यांच्या अक्षरांनी लिहीत नाहीत, कारण ती नामातलीच अक्षरे होत. त्याऐवजी 9 आणि 6 ची अक्षरे वापरतात. शेवात महिन्याच्या पंधराव्या दिवशी येणाऱ्या वृक्षांच्या सणाचे नाव 'तू बिश्वात'. त्यातला 'तू' म्हणजे हेच 9 आणि 6.

सात तर सर्वत्र आहे: सातव्या दिवशी शब्बाथ म्हणजे विश्रांतीचा दिवस, सातव्या वर्षी जमिनीला विसावा, निकटच्या माणसाच्या मृत्यूनंतर सात दिवसांचे सुतक. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंच्या परंपरेत नवगावजवळ गलबत फुटले तेव्हा सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्याचे सांगतात. ही मराठी बोलणारी माणसे पुढे तेलाचे घाणे चालवू लागली आणि सातव्या दिवशी घाणा बंद ठेवू लागली; शेजाऱ्यांनी त्यांना 'शनिवार तेली' हे नाव दिले ते त्यामुळेच.