चोखोबांच्या गावावरनं पंढरपूरला

यंदा सोलापुरातनं चालत गेलो. तिऱ्हे, कामती, मग बेगमपूरला भीमा ओलांडली की आलंच मंगळवेढं. पहिल्याच दिवशी टाचेला फोड आला, तर दिंडीतल्या एका मावशींनी सुई आरपार घातली आणि दोरा आतच ठेवला, म्हणल्या पाणी आपोआप झिरपतंय माउली, हात लावू नको. खायला कडक भाकरी न् शेंगाचटणी, बास.

मला खरं तर मंगळवेढ्यासाठीच चालायचं होतं. अस्पृश्य म्हणून ज्यांना देवळात घेतलं नाही ते संत चोखोबा तिथंच वारले, १३३८ साली, गावकुसाचं काम करताना भिंत कोसळली आणि माणसं खाली गाडली गेली. नामदेवांनी ढिगाऱ्यातनं त्यांच्या अस्थी शोधल्या, ज्या हाडातनं विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबांची असं सांगतात, आणि पंढरपूरला नेऊन महाद्वारासमोर समाधी बांधली. म्हणजे जन्मभर ज्या दाराबाहेर उभं केलं त्याच दाराबाहेर.

ते दार उघडायला १९४७ उजाडलं! साने गुरुजी आधी महाराष्ट्रभर फिरले, मग १ मे ला पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, अस्पृश्यांनाही विठ्ठलाच्या देवळात घ्या म्हणून, दहा दिवस. मधे सहाशे नऊ वर्षं गेली. वारीनं जातपात मोडली म्हणतात ते मला अर्धंच पटतं, वाटेवर सगळे माउली, एकमेकांच्या पाया पडणार आणि देवळापाशी आलं की काही जणांनी पायरीशीच थांबायचं. पण चोखोबांचे अभंग लोकांनी एवढी वर्षं तोंडात जिवंत ठेवले म्हणूनच तर गुरुजींना गावोगाव एवढंच म्हणता आलं असणार, की जे गाता तसं वागा.

दार उघडलं तेव्हा माझी आजी बारा वर्षांची होती. तरी शेवटपर्यंत ती नामदेव पायरीवर डोकं टेकून, कळस बघून माघारी यायची. आता कोण अडवतंय, आत का जात नाहीस विचारलं तर म्हणली, "माझी आय हितनंच बघायची रे. मी आत गेले तर ती एकटी ऱ्हाईल."

मी दर्शनबारीत रात्रभर उभा राहिलो, आत गेलो, विठोबाच्या पायावर डोकं ठेवलं. बाहेर आलो तर पायरीपाशी एक म्हातारी कळसाकडं बघत हात जोडून उभी, आणि मागनं गर्दी रेटतेय. मी तिच्यामागं दोन्ही हात आडवे धरून उभा राहिलो, तिचं होईपर्यंत.