थर्माकोलच्या डब्यात काचेसारखा बर्फ: फेरी ४ ते ६

काचेसारखा पारदर्शक बर्फ करायच्या प्रयोगाच्या या पुढच्या फेऱ्या. मांडणी पहिल्या तीन फेऱ्यांचीच आहे. औषधांच्या पार्सलमधून आलेला थर्माकोलचा डबा, आतून १५ × १० सेंमी, झाकण काढून टाकलेलं. त्यात ११ सेंमी उंचीपर्यंत पाणी, म्हणजे साधारण १.६५ लिटर. फ्रीझर उणे १८ अंशांवर. बाजूंनी आणि तळातून थंडी आत शिरत नाही, त्यामुळे बर्फ फक्त वरून खाली वाढतो. ट्रेमधला बर्फ पांढरा होतो तो चहूबाजूंनी गोठल्यामुळे. बर्फाच्या षटकोनी जाळीत हवेला आणि क्षारांना जवळजवळ जागाच नसते. ते पुढे ढकलले जातात आणि ट्रेमध्ये मधोमध कोंडतात. इथे त्यांना खाली पळायला वाट आहे.

फेरी ४. नळाचं पाणी, मे महिन्यातलं, २८ अंश. २४ तासांत जेमतेम ३ सेंमी बर्फ. पहिले काही तास पाणी शून्याला आणण्यातच जातात: १ किलो पाणी २८ वरून शून्यावर आणायला सुमारे ११७ किलोज्यूल काढावे लागतात आणि शून्यावरच गोठवायला आणखी ३३४.

बर्फ स्वच्छ आला, पण वरचा २-३ मिमीचा थर जाळीदार, पात्यांसारखा. हे अतिशीतन. पाणी शून्याला आपोआप गोठत नाही, स्फटिकाला पहिलं बीज लागतं. नळाच्या पाण्यात धुळीचे कण असूनही वरचा थर ३-४ अंश खाली गेला, मग क्षणात गोठला आणि लगेच शून्यावर परत आला. उणे ४ ला अडकलेल्या पाण्यापैकी फक्त ५ टक्के तेव्हा बर्फ होतं (४ × ४.२ भागिले ३३४). तेवढ्यातच सगळी पाती तयार होतात.

फेरी ५. दोन बदल. पाणी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून ४ अंशांवर आणलं. या तापमानाला पाणी सर्वांत जड असतं. त्याखाली गार झालेलं पाणी वरच तरंगतं, त्यामुळे खालचं ढवळलं जात नाही. दुसरा बदल बीजाचा: वरच्या थराचा थर्मामीटर शून्याला टेकला की नखाएवढी बर्फाची कपची पृष्ठभागावर सोडायची. कपची वितळली तर घाई झाली, अर्ध्या तासाने पुन्हा. टिकली की तिच्याभोवती बर्फ पसरतो आणि जाळी येत नाही.

३६ तासांत ६ सेंमी. वजनाने बरोबर अर्धं पाणी गोठलं. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, मिलिग्रॅम प्रति लिटर), सगळे नमुने खोलीच्या तापमानाला आणून: मूळ पाणी ९०, वितळवलेला बर्फ १०, तळाला उरलेलं पाणी १७०. हिशोब जुळतो, क्षार खरोखर खालीच गेले.

फेरी ६. बोअरचं पाणी, टीडीएस ६००. चौथ्या सेंमीपासून उभ्या सुईसारखे बुडबुडे. बर्फाच्या पुढ्यात क्षार आणि हवा इतकी साचली की सरकायच्या आत कोंडली. उकळून पाहिलं: चुना तळाला बसला, पण हवेच्या बाबतीत फरक नगण्य, कारण उघडं पाणी थंड होताना हवा परत शोषतं. अशा बर्फासाठी पाणी दोनदा उकळा असा सल्ला नेहमी दिला जातो; तो म्हणूनच आम्हाला फुकाचा वाटतो, गॅस तेवढा जळतो.

याच फेरीत मध्ये चार तास वीज गेली. पुन्हा सुरू झाल्यावर जिथे वाढ थबकली होती तिथे एक पुसट पांढरी रेघ उमटली. पुण्यात गुरुवारी वीज जाणार हे धरूनच बसायचं, तेव्हा बुधवारी डबा लावू नये.

तळ गोठायची वाट कधीही पाहू नका. बर्फ पाण्यापेक्षा ९ टक्के जास्त जागा घेतो. वर बर्फाचं झाकण बसलेलं असताना खालचं पाणी गोठलं तर डबा फुगतो किंवा लादी तडकते. तळाशी ४-५ सेंमी पाणी राहिलं की डबा उलटा करायचा.

लादी लगेच कापायची नाही. गरम हवेत वरची पांढुरकी दंव-पावडर जाऊन पृष्ठभाग ओला, चकचकीत दिसेपर्यंत, सुमारे १५-२० मिनिटं, थांबा. आधी सुरी लावली की आतून जाळं तडकतं. मग पावाच्या दातेरी सुरीने ३-४ मिमी खोल खाच आणि सुरीच्या पाठीवर लाटण्याचा एकच ठोका.

फेरी ७: तेच बोअरचं पाणी, फ्रीझर उणे १२ वर. बर्फ सावकाश सरकला तर सुया कुठून सुरू होतात ते बघायचं.