पाऊस सरल्यावरचा पहिला आठवडा: वृंदावन, लाल माती आणि पडवीतल्या कुंड्या

मंडळी, चतुर्थीनंतर नोंद लिहायची राहूनच गेली होती. शाळेला दिवाळीची सुट्टी लागली आणि सोमवारी सकाळी खुरपं घेऊन परसात उतरले. पाऊस आता गेल्यात जमा आहे. संध्याकाळी पूर्वेकडून ढग चढतात, अर्धा तास गडगडतात आणि विरून जातात, पण सकाळ कोरडी असते आणि अकरानंतरचं ऊन पाठ भाजून काढतं. नव्याने आलेल्यांसाठी सांगते, आमचं घर गोव्यातल्या फोंडा तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी. मागे छोटं परस, त्यात तीन माड, एक फणस, चार पोफळी. दक्षिणेला पडवी. पडवीत आणि घरात मिळून आजच्या मोजणीप्रमाणे 41 कुंड्या.

सासूबाईंचं बालपण सावईवेऱ्याच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत गेलं. मी खताची पिशवी उघडताना दिसले की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं: "बाय, पयलीं उदक भायर काड, मागीर सारें घाल." आधी पाणी बाहेर काढ, मग खत घाल. इतकी वर्षं ऐकत होते. या आठवड्यात ते हाताने समजलं.

सोमवार, वृंदावन

वृंदावनातली तुळस भाद्रपदापासून पिवळी पडत होती. खालची पानं गळायची, वरची आखडलेली. पावसात खत वाहून गेलं असेल असं धरून मी तीन आठवडे दर रविवारी मूठभर गांडूळखत घालत राहिले. तुळस आणखीच उतरली. सोमवारी शेवटी बोट मातीत खुपसलं. दोन पेरांपर्यंत चिखल, आणि बोट बाहेर काढल्यावर त्याला नाल्यासारखा वास. भुकेल्या झाडाच्या मातीला असा वास येत नाही. मुळांना हवा मिळत नव्हती. हवा नसली की मूळ श्वास घेऊ शकत नाही, आणि श्वास नाही तर खत शेजारी असूनही ते ओढता येत नाही. मी पाण्यात बुडणाऱ्याला जेवण वाढत होते.

वृंदावनाच्या मागच्या अंगाला तळाशी पाणी जायला एक भोक आहे. ते शेवाळाने आणि बारीक मुळ्यांनी गच्च बसलेलं. लोखंडी सळई हलक्या हाताने फिरवत आत सारली. आधी काहीच नाही. मग कोऱ्या चहाच्या रंगाचा एक थेंब, मग धार. खाली ठेवलेला तांब्या भरला, रिकामा केला, पुन्हा अर्धा भरला. सासूबाई उंबऱ्यावर बसून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत, पण आत जाऊन माझ्यासाठी पेजेचा वाडगा घेऊन आल्या.

वरची चार बोटं माती काढून टाकली आणि तिथे नदीची जाड वाळू नि फणसाच्या पानांचं कुजलेलं खत निम्मं निम्मं मिसळून भरलं. भोकाच्या तोंडाशी आतून कौलाचा तुकडा उभा लावला, म्हणजे माती येऊन पुन्हा बसणार नाही. मंजिऱ्या सगळ्या खुडल्या. मंजिरी बियांवर आली की तुळस वाढ थांबवून म्हातारी व्हायला लागते, त्यामुळे लग्नापर्यंत दर चार दिवसांनी खुडायच्या आहेत.

आणखी एक गोष्ट केली, ती तुम्हीही करून बघा. तुळशीच्या लग्नाला आपण ऊस, आवळ्याची डहाळी आणि चिंचा वृंदावनातच रोवतो. दर वर्षी त्या रोवण्यात मुळं तुटतात आणि लग्नानंतर आठवड्याभरात तुळस मान टाकते. या वेळी एका कोपऱ्यात आताच वीतभर लांबीचं बांबूचं नळकांडं पुरून ठेवलं. ऊस त्यात उभा राहील, मुळांना धक्का नाही. कार्तिकातल्या द्वादशीला अजून पुरेसा वेळ आहे, तोवर नळकांड्याभोवतीची मुळं स्थिरावतील.

मंगळवार आणि बुधवार, मागचं परस

आपल्याकडे एका पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी कोसळतं. ते मातीतला चुना नि पालाश विरघळवून खाली घेऊन जातं, मागे लोह उरतं. म्हणून आपली माती लाल आणि आंबट. दर शरदात तिला थोडा चुना किंवा राख लागते. मी चुलीची राख चाळून चौरस मीटरला एक ओंजळ टाकली आणि वरच्या चार बोटांत मिसळली. शेणखत मात्र लगेच घातलं नाही. चुना किंवा राख आणि ताजं शेण एकत्र आलं की त्यातला नत्र वायू होऊन उडतो. नाकाला झोंबणारा वास येतो, तो आपल्या खताचाच. दोघांत दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवते. ज्या वाफ्यात आता पेरलं, तिथे राख घातली नाही, उन्हाळ्यात मुरवलेलं जुनं शेणखत तेवढं घातलं.

वाफे वीतभर उंच केले, दोन्ही बाजूंनी चर. एकात तांबडी भाजी: बी अगदी बारीक असतं, म्हणून चौपट कोरड्या वाळूत मिसळून फेकलं, नाहीतर एकाच जागी झुंबड होते. महिन्याभरात ताटात येईल. दुसऱ्यात मुळा. तिसरा अळसांद्यांसाठी, म्हणजे आपल्या चवळीसाठी. शेतकरी भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर अळसांदे टाकतात, मीही तेच करते, म्हणजे उगवल्यावर पाण्याची फार ओढाताण नाही. मिरचीची रोपं ट्रेमध्ये केली, बी काणकोणच्या खोला मिरचीचं, गेल्या वर्षी वाळवून ठेवलेल्या चार मिरच्यांमधलं.

गोगलगायी अजून आहेत. संध्याकाळी पपईच्या साली वाफ्याच्या कडेला उपड्या ठेवते आणि नऊ वाजता बॅटरी घेऊन गोळा करते. मंगळवारी 23, बुधवारी 14. हातमोजे घालूनच.

गडग्यावर कारिटाचा वेल पसरलाय. मुलगा साफसफाईच्या भरात तो उपटायला निघाला होता. म्हटलं, "अरे, नरकचतुर्दशीला पायाखाली काय चिरडशील?" त्याने मग फळं मोजली, सतरा. शेजारच्या तीन घरांना पुरतील. पालापाचोळा जाळला नाही. माडांच्या आळ्यात सोडणं, म्हणजे नारळाच्या साली, उपडी रचली आणि वर सगळा पाला पसरला. डिसेंबरनंतर त्याच सोडणांनी धरून ठेवलेली ओल माडाला मिळते.

गुरुवार, पडवी

हा दिवस मला सगळ्यांत जास्त लिहायचा आहे, कारण घरातल्या झाडांबद्दल पावसाळ्यात आपण बेसावध असतो.

पहिली गोष्ट ऊन. मे ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत गोव्यात दुपारचा सूर्य डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे दक्षिणेची पडवी पूर्ण सावलीत. आता सूर्य दक्षिणेला सरकलाय. ज्या कोपऱ्यात चार महिने ऊन नव्हतं, तिथे मी गुरुवारी खडूने रेघ मारली: दहा वाजता ऊन फरशीवर हातभर आत आलेलं. ओल्या हवेत वाढलेली कोवळी पानं हे ऊन सोसत नाहीत. पीस लिलीच्या दोन पानांवर तपकिरी भाजलेले डाग आधीच पडले होते. सावलीची सगळी झाडं भिंतीकडे नेली, कढीपत्ता आणि कोरफड पुढे आणली. डिसेंबरपर्यंत ऊन आणखी आत येत जाईल, म्हणून दर पंधरवड्याला नवी रेघ मारणार आहे.

मग स्नेक प्लांट. दिवाणखान्यातली, पिवळ्या काठांची, सात वर्षांची. वरून ताठ दिसत होती, पण मधलं एक पान हलकं ओढलं तर हातातच आलं. टोकाला पिवळसर लिबलिबीत भाग, कुजलेल्या बटाट्याचा वास. वर्तमानपत्र पसरून कुंडी आडवी केली, कडेने थोपटत गोळा बाहेर काढला. बाहेरची माती सुकलेली, आतला गाभा ओला गच्च. मुळं बोटात धरून ओढली तर साल निसटून यायची आणि आत दोऱ्यासारखा तंतू उरायचा. अशी मुळं मेलेली. चांगलं मूळ नारिंगी आणि कडक असतं. सुरी गॅसवर तापवून गार केली आणि कंद जिथे पांढरा, टणक लागला तिथपर्यंत कापत गेले. प्रत्येक कापानंतर सुरी स्पिरिटने पुसली. अकरा पानांपैकी सहा वाचली, तीन फुटव्यांवर. कापलेल्या जागा चार दिवस सावलीत उघड्या सुकायला ठेवल्यात. पाणी नाही, माती नाही.

कुजक्यातली दोन पानं वरून चांगली होती, त्यांचे तुकडे वाळूत लावले. पण पिवळा काठ हवा असेल तर पानाचा तुकडा उपयोगाचा नाही, त्यातून येणारं रोप सबंध हिरवं निघतं. काठ टिकतो तो फुटवा वेगळा केला तरच.

कुंड्यांखालच्या बशा हे दुसरं काम. त्यांत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याला एकदा बशी रिकामी करणं आलंच. पण नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेजवळ बशीच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन् महिने जिवंत राहतात. काथ्याने घासूनच काढायची. मनीप्लांटच्या बाटल्यांतलं पाणीही त्याच दिवशी बदलते. मनीप्लांट छाटताना हाताला खाज आली तर घाबरू नका, तो अळूच्याच कुळातला. कात्री चालवून झाली की हात धुवायचे, आणि लहान मुलं पानं तोंडात घालणार नाहीत एवढं बघायचं.

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आहे. कापूस स्पिरिटमध्ये बुडवून एकेक टिपला, संध्याकाळी लिटरभर कोमट पाण्यात एक छोटा चमचा निंबोळी तेल आणि चार थेंब भांड्यांचा साबण घालून फवारलं. मुंग्यांची रांग तोडली नाही तर त्या उरलेल्या पिठ्याची राखण करतात, म्हणून खोडाला व्हॅसलिनचं कडं काढलं.

शाळेतल्या एका मैत्रिणीने विचारलं, हवा शुद्ध व्हायला किती कुंड्या लागतील? तिला खरं ते सांगितलं. ती कल्पना पसरली 1989 सालच्या नासाच्या अभ्यासावरून, आणि ते प्रयोग लहान बंदिस्त पेट्यांत केलेले होते. 2019 मध्ये जुन्या प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले गेले तेव्हा दिसलं की, उघड्या खिडकीइतकं काम करायला दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील. म्हणून सकाळी दोन्ही खिडक्या उघडते. झाडं मला हवी आहेत ती त्यांच्यासाठीच.

माझी स्वतःची नोंद

गेल्या शरदात पाठ धरली होती आणि नऊ दिवस अंथरुणात काढले होते. त्यामुळे या वर्षी कामाला वेळ बांधून घेतलाय: साडेसहा ते नऊ आणि साडेचारनंतर. मधलं ऊन टाळायचं. त्याआधी शेताच्या बांधावरून वीस मिनिटं चालणं आणि सहा सूर्यनमस्कार. बारा घालायचे होते, पण गुडघ्याने सहावर थांबवलं, आणि तेवढे सातही दिवस झाले. कुंडी उचलताना कमरेतून वाकायचं नाही, उकिडवं बसून छातीशी धरायची. मोठ्या कुंड्या गोणपाटावर ठेवून ओढल्या. अकरा वाजता पेज आणि खारातली कैरी. घामाने गेलेलं मीठ-पाणी भरून यायला याहून चांगलं मला काही सापडलेलं नाही. गुरुवारी गंजलेल्या तारेने बोट कापलं. धनुर्वाताच्या इंजेक्शनला दहा वर्षं उलटून गेली होती, लगेच आरोग्य केंद्रात जाऊन घेतलं. तुमचं शेवटचं कधी झालं ते आज वहीत बघा.

संध्याकाळी पंधरा मिनिटं पडवीच्या पायरीवर, फोन आत ठेवून. या आठवड्यात झोप बरी लागली.

शुक्रवारी माहेरी गेले तेव्हा म्हापशाच्या बाजारातून आठ मातीच्या कुंड्या आणल्या. घरातली झाडं हळूहळू प्लास्टिकमधून काढतेय, मातीची कुंडी अंगातून ओल बाहेर टाकते. नव्या कुंड्या शनिवारी दिवसभर पाण्यात बुडवून ठेवल्या, नाहीतर त्या रोपाचंच पाणी पितात.

रविवार संध्याकाळ

तुळशीच्या खालच्या तीन पेरांवर जोडीजोडीने हिरवे कोंब आलेत, तांदळाच्या दाण्याएवढे. वृंदावनाला आज सासूबाईंनी स्वतः पांढरा चुना काढला. तांबडी भाजी अजून दिसत नाही, मुळ्याची दोन-दोन पानं वर आली. स्नेक प्लांटचे काप सुकून त्यांवर फिकट खपली धरलीये. उद्या दोन भाग वाळू आणि एक भाग मातीत लावणार, आणि पहिलं पाणी त्यानंतर आठवड्याने. गोगलगायी आज सहा.