माल्टातलं डायव्हिंग: सिलिंडर बदलला की कमरेचं शिसं बदला

आम्ही दोघं डायव्हिंग शिकलो अंदमानात, स्वराज द्वीपला. तिथे पाठीवर कायम ॲल्युमिनियमचा सिलिंडर, अंगात ३ मिलिमीटरचा सूट आणि पाण्याखाली जाता यावं म्हणून माझ्या कमरेच्या पट्ट्यात ६ किलो शिसं. मे महिन्यात माल्टाला गेलो तर पाणी १९ अंश, म्हणून ५ मिलिमीटरचे सूट भाड्याने घेतले. जाड सूट जास्त तरंगतो, शिवाय भूमध्य समुद्र अंदमानपेक्षा खारट. एवढा हिशेब करून मी ९ किलो चढवलं. सिलिंडर स्टीलचा आहे, हे मात्र हिशेबात धरलंच नाही.

पहिली डाइव्ह चिरकेव्वाची, १९९२ साली मुद्दाम बुडवलेली रोझी टगबोट बघायला. दगडासारखा खाली गेलो. सावरायला बीसीडीत, म्हणजे हवा भरून तरंगायच्या जॅकेटमध्ये, हवा भरली, तर छाती वर, पाय खाली. जरा वर आलं की तीच हवा फुगायची, परत सोडायची. या झटापटीत २६ मिनिटांत सिलिंडरमधल्या हवेचा दाब ५० बारवर आला आणि रोझी नीट बघायची राहिली, याची हळहळ अजून आहे.

बाहेर येऊन दोन्ही प्रकारचे सिलिंडर उचलून पाहिले. वजन जवळपास सारखंच, १४-१५ किलो. फरक पडतो पाण्यात. ॲल्युमिनियमच्या भिंती जाड, त्यामुळे बाहेरून आकार मोठा आणि तो पाणी जास्त सारतो. हवा संपत आली की तो दीड-दोन किलोने वर ओढतो. १२ लिटरचा स्टीलचा सिलिंडर रिकामा झाला तरी किलोभराने खालीच ओढतो. म्हणजे फरक जवळजवळ तीन किलोचा. पुढच्या डाइव्हला दोन किलो काढलं, त्यानंतर आणखी एक, आणि शरीर आपोआप आडवं झालं.

उलटा बदल जास्त धोक्याचा. गोझो बेटावरच्या ब्लू होलला स्टीलचे सिलिंडर संपले म्हणून बायकोला ॲल्युमिनियमचा मिळाला. शिशाचा पट्टा तोच राहिला. खाली जाताना तिला पाय मारावे लागत होते, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. शेवटी पाच मीटरवर, जिथे वर येण्याआधी तीन मिनिटं थांबायचं असतं, सिलिंडरचं बूड उचललं गेलं आणि ती वर जायला लागली. मी तिचा पट्टा धरला, तिने खडकाची कपार धरली, आणि तशी ती तीन मिनिटं काढली.

तुम्ही जाल तेव्हा सिलिंडर कशाचा, किती लिटरचा हे आधी विचारा. त्याच्या खांद्यावर ठसे असतात, ते वाचा. ॲल्युमिनियमवरून स्टीलवर जाताना दोन-तीन किलो कमी करून बघा, उलट असेल तर तेवढंच वाढवा. खरी परीक्षा डाइव्हच्या शेवटी: ५० बार, पाच मीटर, बीसीडी रिकामी, श्वास शांत. तिथे स्थिर राहता आलं पाहिजे. सुरुवातीलाच तपासायचं तर भरल्या सिलिंडरने, बीसीडी रिकामी करून, पाणी डोळ्यांपर्यंत येईल इतकं शिसं घ्या आणि वर दोन किलो घाला. तेवढी हवा आपण वापरून टाकतो.

आणि प्रत्येक डाइव्हनंतर सूट, सिलिंडर, समुद्र, किलो हे चारही एकत्र लिहा. माझ्या वहीत आता आहे: ५ मिलिमीटर, १२ लिटर स्टील, भूमध्य, ६ किलो. ॲल्युमिनियम असेल तर ९.