आमची वाटचाल : जुन्या पेट्रोल इंजिनांचं वर्कशॉप

वडील किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात फिटर होते. नोकरी सोडल्यावर त्यांनी पलूस रस्त्याला पत्र्याची शेड टाकली आणि विहिरीवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करायला घेतली. पुढं मळ्यामळ्यात वीज आली, विहिरींवर मोटारी बसल्या आणि ते काम आटत गेलं. त्याच सुमाराला पलूस-तासगाव भागात द्राक्षबागा वाढल्या. बागेबरोबर जोराच्या दाबानं औषध फवारणारे एचटीपी पंप आले आणि पंपाबरोबर एकट्या माणसाला उचलेल एवढं पेट्रोल इंजिन आलं. डिझेलच्या कामात मुरलेले मिस्त्री त्याला हात लावायला तयार नसत. वडिलांनी लावला. आज आमच्याकडचं बहुतेक काम तेच आहे.

या इंजिनावर किती अवलंबून असतं, ते ऑक्टोबर छाटणीनंतर कळतं. कोवळी फूट निघालेली असते, पाऊस रेंगाळतो, पानं ओली राहतात आणि डावणी या बुरशीच्या रोगाची भीती उभी राहते. फवारा त्याच दिवशी बसला पाहिजे. अशा सकाळी दोरी ओढून ओढून दंड भरून येतात आणि इंजिन काही बोलत नाही. वर्षभराची बाग त्या दोरीवर टांगलेली असते, म्हणून छाटणीच्या दिवसांत आम्ही शेड रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवतो.

वडिलांची शिस्त आम्ही अजून मोडलेली नाही. आलेलं इंजिन लगेच उघडायचं नाही. आधी प्लग काढून बघायचा. ओला असेल तर पेट्रोल येतंय पण जळत नाही. कोरडा असेल तर पेट्रोल पोचतच नाही. मग प्लग बॉडीला टेकवून दोरी ओढायची आणि ठिणगी बघायची. शेवटी दोरी हळू ओढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, हाताला किती लागतं ते अजमावायचं. एवढं होईपर्यंत गिऱ्हाइकाला खर्चाचा आकडा सांगायचा नाही. बंद पडलेल्या इंजिनांपैकी बहुतेकांचं पिस्टन-सिलिंडर धडधाकट असतं. खोट असते पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बुरेटरमध्ये, नाहीतर ठिणगीची वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटोपाशी.

कार्बुरेटरमधला स्लो जेट, म्हणजे मंद चालीला पेट्रोल सोडणारी बारकी नळी, हातात धरून बघितला की कळतं. त्याचं भोक सुईच्या टोकाहून बारीक. महिनोन्महिने उभ्या इंजिनात पेट्रोल उडून जातं आणि मागे राहिलेला चिकटा नेमका तिथं बसतो. पोलादी तार घालून भोक मोठं करायचं नाही, नाहीतर ते इंजिन पुढं कायम जास्त पेट्रोल पिणार. विजेच्या वायरमधला तांब्याचा एक पदर घ्यायचा, कार्बुरेटर क्लीनर मारायचा, हवा मारायची आणि जेट उजेडाकडे धरायचा. पलीकडचा उजेड पूर्ण गोल दिसला पाहिजे. अर्धा गोल चालत नाही. नवीन पोराला आम्ही पहिलं काम हेच देतो.

मॅग्नेटोचंही तसंच. कॉइलच्या पायांवर आणि फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाच्या, चुंबकावर गंज चढतो आणि ठिणगी पिवळी, मरतुकडी पडते. बारीक पॉलिश पेपरनं दोन्ही घासायचं, मधे व्हिजिटिंग कार्ड घालून कॉइल पुन्हा कसायची. इंजिन पॉइंटचं, म्हणजे ठिणगीसाठी उघडमीट होणाऱ्या टोकांचं, असेल तर पॉइंट घासून फिलर गेजच्या पातळ पट्टीनं गॅप लावायचा. निळी, कडक ठिणगी आली की पुढच्या कामाला हुरूप येतो.

मधल्या काळात पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारी इंजिनं फार होती. गरम झालं की कॉक रॉकेलकडे फिरवायचा आणि बंद करायच्या आधी आठवणीनं पुन्हा पेट्रोलकडे. गडबडीत लोक रॉकेलवरच बंद करत आणि दुसऱ्या दिवशी थंड इंजिन काही केल्या धरत नसे. त्याहून वाईट म्हणजे न जळलेलं रॉकेल पिस्टनच्या रिंगांवाटे खाली ऑइलात उतरायचं. ऑइलची पातळी वाढलेली बघून मालक खूश, आणि आत बेअरिंग झिजत असायचं. पुढं रेशनचं निळं रॉकेल मिळेनासं झालं आणि ती इंजिनं गोठ्याच्या कोपऱ्यात गेली.

त्यातलंच एक इंजिन एक आक्का टेम्पोत घालून घेऊन आल्या. ‘मालकांनी हौसेनं घेतलं हुतं, बघा की मिस्त्री, चालू हुतंय का.’ दोरी तसूभर हलत नव्हती. सायलेन्सर कुंभारीण माशीनं मातीनं लिंपून टाकलेला. प्लगच्या भोकातून डिझेल आणि ऑइल ओतून तसंच मुरू दिलं. रोज फ्लायव्हील हातानं थोडं मागं, थोडं पुढं. जोर लावला असता तर रिंगा तुटल्या असत्या. एका सकाळी ते सुटलं. एक्झॉस्ट व्हॉल्व उघडाच अडकून गंजला होता. तो काढला, पेस्ट लावून सीटवर घासला, हेडला नवीन पॅकिंग घातलं. रॉकेलचा कॉक कायमचा बंद केला आणि जेट पेट्रोलच्या मापाचा बसवला. इंजिन चालू झालं तेव्हा आक्का त्याच्याजवळून हलेनात. आता त्यांचा नातू त्यावर परसातल्या भाजीला पाणी देतो.

नंतर चिनी बनावटीची स्वस्त इंजिनं आली. दुरुस्तीचा धंदा बसणार असं तेव्हा सगळे म्हणत होते. झालं उलट. त्यातली बरीचशी होंडाच्या जीएक्स 160 या छोट्या पेट्रोल इंजिनाच्या घडणीवर बेतलेली, त्यामुळे कितीतरी पार्ट एकमेकांना बसतात आणि जुन्या इंजिनांचं आयुष्य वाढलं. मात्र नव्याच्या निम्म्याहून जास्त खर्च येणार असेल तर आम्ही तसं स्पष्ट सांगतो. बदललेले पार्ट पिशवीत घालून परत देतो, मागितले नाहीत तरी.

सध्या डोकेदुखी आहे ती 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची. उसाच्या पट्ट्यात राहून इथेनॉलला नावं ठेवायची नाहीत, शेतकऱ्याला त्याचा पैसा मिळतो. पण इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. जुन्या इंजिनातले रबरी वायसर, नळ्या फुगतात किंवा तडकतात, आणि उभ्या कार्बुरेटरच्या वाटीत पांढरी भुकटी धरते. आम्ही नळ्या आणि वायसर इथेनॉल सोसणारे घालायला लागलो आहोत. त्याशिवाय प्रत्येकाला सांगतो: हंगाम संपला की टाकी रिकामी करा, वाटीचा नट ढिला करून तीही रिकामी करा, प्लगच्या भोकात चमचाभर ऑइल सोडा आणि दोरी जड लागेपर्यंत हळू ओढून तिथंच थांबवा. दोन्ही व्हॉल्व मिटलेले राहतात, आत ओल शिरत नाही.

जून-जुलैत काम कमी असतं, तेव्हा सर्व्हिसिंगला आणलेलं इंजिन आम्ही सावकाश आणि कमी मजुरीत करतो. बंद पडलेलं इंजिन आणताना मात्र टाकी धुऊन, पुसून आणू नका. आत जे पेट्रोल आहे तेच आम्हाला आधी बघायचं असतं.