मिरचीचा हंगाम आणि आमच्या गटाचं कर्ज

आमच्या बचत गटाला 1 लाख 20 हजारांचं कर्ज मिळालं आणि हप्तेही वेळेवर जातायत. तरीही 9 जानेवारीला दिलेल्या अर्जाचे पैसे 21 एप्रिलला खात्यात आले, हे माझ्या डोक्यातून जात नाही. मसाला करणाऱ्या बाईच्या हातात मिरचीच्या हंगामात, फेब्रुवारी-मार्चमध्ये पैसा नसेल तर तिचं वर्ष हुकतं.

आम्ही नवी मुंबईतल्या दिघ्याच्या 11 जणी. कुणी घरकामाला जाते, कुणी ऐरोलीला पोळ्या लाटायला. महिन्याला 200 रुपये बचत. गट बांधणं, खातं उघडणं यात काही त्रास झाला नाही. खात्यासाठी अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार यांचीच कागदपत्रं लागतात, सगळ्यांची नाही. 14 महिने आम्ही आपसातच महिना 2 टक्क्याने कर्ज फिरवलं. दर चढा वाटेल, पण ते व्याज गटातच राहतं. त्यातून एकीने शिलाई मशीन घेतलं, एकीने मुलाची फी भरली. बचत आणि व्याज मिळून 34 हजारांच्या आसपास जमले. बचतीच्या चौपटीपर्यंत कर्ज मिळू शकतं, म्हणून मिरची, धणे आणि कांडप यंत्रासाठी आम्ही 1 लाख 20 हजार मागितले.

आणि तिथे अडकलो. बँकेचं नाव लिहीत नाही.

पहिल्या खेपेला सांगितलं, सगळ्यांचे आधार आणि पॅन आणा. कर्जाच्या वेळी सगळ्या सभासदांची कागदपत्रं तपासतात, ते मला मान्य आहे. आम्ही नेली. टेबलावरच्या माणसाने यादीवर पट्टी ठेवली आणि एकेक नाव जुळवायला लागला. एकीच्या आधारवर लग्नानंतरचं नाव, पॅनवर माहेरचं. एका काकूंच्या नावाला आधारवर ‘बाई’ जोडलेलं, पॅनवर नुसतं नाव. दोघींकडे पॅनच नव्हता. फाइल परत.

लग्नाचा दाखला आणा म्हणाले. काकूंचं लग्न गावाला, अंगणात झालं. नोंदणी तेव्हा कोण करत होतं? दाखला नसेल तर राजपत्रात नाव छापून आणा, हे दुसऱ्या खेपेला कळलं. ज्यांच्याकडे पॅन नाही त्यांचा फॉर्म 60 चालतो, हे तिसऱ्या खेपेला, तेही आम्ही विचारल्यावर. चौथ्या खेपेला साहेब व्हिजिटवर. पाचव्या खेपेला म्हणाले, गटाची बचत खात्यात अडकवून ठेवावी लागेल, म्हणजे कर्ज फिटेपर्यंत काढता येणार नाही. प्रत्येक खेपेला दोघींचा अर्धा दिवस बुडायचा. घरकामवालीचा अर्धा दिवस म्हणजे बाईसाहेबांची बोलणी आणि खाडा. पाच खेपांत सांगितलेलं सगळं पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून देता आलं असतं. त्यांनी नियम दाखवले याचा मला राग नाही. एक-एक करून दाखवले, याचा आहे.

बचतीवर हात पडला तेव्हा मात्र आम्ही महापालिकेच्या समुदाय संघटक ताईंना गाठलं. त्यांनी सांगितलं, बचत गटाच्या 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही, बचत अडकवायची नाही, हे रिझर्व्ह बँकेचंच सांगणं आहे. नाबार्ड या शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेने 1992 मध्ये 500 गटांपासून बँकजोडणी, म्हणजे गटांना बँकेचं कर्ज मिळवून देणं, सुरू केली, त्याला आता तीस वर्षं उलटली. मग आमची फाइल पहिलीच असल्यासारखी का हाताळली, हे मला कोणी सांगावं.

ताईंच्या सांगण्यावरून मी साधा अर्ज लिहिला. कुठल्या तारखेला कोणती कागदपत्रं दिली, काय अपुरं आहे ते लेखी कळवा, एवढंच. झेरॉक्सवर आवक शिक्का आणि तारीख घेतली. शिक्का मारायला तो माणूस का-कू करत होता, मी काउंटरवरून हलले नाही. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तेही अर्जात शेवटी लिहिलं होतं. त्यानंतर बचत अडकवायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. पॅनच्या दुरुस्त्या आल्यावर फाइल पुढे सरकली.

म्हणून सांगते, तोंडी काही देऊ नका, तोंडी काही घेऊ नका. पोच घ्या. पोच नसेल तर तुम्ही बँकेत गेलाच नव्हता असं धरा.

मधल्या काळात आमच्यातल्या एकीने घरोघरी येणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपनीकडून 40 हजार उचलले. चार दिवसांत पैसे मिळाले. व्याज मात्र वीस टक्क्यांच्या वर. तिला मी बोल लावत नाही, मार्च कुणासाठी थांबत नाही. पण असं कर्ज घेणार असाल तर हे माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांनुसार सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घरच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, आणि मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही. तिने गटाच्या पैशातून ते आधीच फेडलं.

पैसे आले त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी ठाणे-वाशी लोकलने तुर्भ्याला उतरून मसाला मार्केटला गेलो. बेडगीची गोणी उघडून मूठभर मिरची हातात घेतली. आमच्या अध्यक्षांनी एक मोडली, बिया पाहिल्या, वास घेतला आणि म्हणाल्या, “माल बरा आहे, पण मार्चचा नाही.” 300 किलो मसाल्याचा बेत होता, 140 किलोच झाला. गच्चीवर वाळवण, देठं काढणं, धणे-दगडफूल भाजणं, सगळं मेमध्ये उरकलं. पहिला पाऊस पडला तेव्हा बरण्या भरून झाल्या होत्या. त्या रात्री खजिनदारीण हिशेबाच्या वहीवर हात ठेवून रडली. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

यंदा डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या कर्जाचा अर्ज टाकलाय, पोचेसकट. आणि हो, बँकेत जाताना गटाचा शिक्का आणि इतिवृत्ताची वही दोन्ही न्या. आम्ही एकदा शिक्का घरी विसरलो आणि ठरावाच्या एका पानासाठी पुन्हा रिक्षाचे पैसे गेले.